पानठेल्यावर वाचलेलं पत्र

प्रिय बाबू,

तुझा व्हॉइस मेसेज धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून दोनदा ऐकला. अर्धा वाऱ्यात गेला, पण कळायचं ते कळलं. तू मालिकेत काम करतोस, तुला पुरुष आवडतात, आणि हे आता जगाला सांगू का, असं तू विचारतोस. कोण्या यूट्यूबवाल्याने तुला त्यावरून आडून आडून विचारलं. तुझं पीआर, म्हणजे प्रसिद्धीचं काम बघणारी मुलगी म्हणते, जूनमध्ये सांगू, प्राइडचा, म्हणजे समलिंगी लोकांच्या अभिमानाचा महिना असतो, बातमी चांगली चालेल. आणि रूममेट म्हणतो, घाबरतोस कायले? यातलं कोणीही उद्या तुझ्या आईजवळ ओट्यावर बसायला येणार नाही, एवढं आधी मनात धर. फोनवर उत्तर दिलं नाही, कारण आमच्याकडे एक जण बोलतो आणि सगळं घर ऐकतं.

१९८४ सालची गोष्ट सांगतो. मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि दंडारीत, आपल्या गावच्या लोकनाट्यात, बाईचं काम करायचो. मिशी काढलेली, तोंडाला मुरदाडशिंगाचा रंग, अंगात वहिनीचं नऊवारी. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया म्हणायच्या, "मास्तर, तुमच्या निऱ्या आमच्याहून बऱ्या बसतात जी." आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकात बाप्याने बाई होण्याचं कोणाला नवल नाही. फक्त ते पहाटेपर्यंत. उजाडलं की धोतर नेसून शाळेत हजर व्हावं लागतं.

माझ्यासमोर नायकाचं काम करणारा एक मुलगा होता. त्याने एका पुरुषाला लिहिलेलं पत्र कोणाच्या तरी हाती लागलं आणि पानठेल्यावर मोठ्याने वाचलं गेलं. वाचणाऱ्याने त्याच्यासारखा आवाजही काढला. लोक हसले. मी तिथेच होतो. पान तोंडात टाकलं, सायकल काढली आणि निघालो. आठ दिवसांत तो वडशाहून छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीत बसून गोंदियाकडे गेला. पुढे भिलाईला कामाला लागला म्हणे. गावात परत आला नाही. पत्र कोणासाठी होतं हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. लग्न का केलं नाही, हेही कोणी विचारलं नाही.

म्हणून तू "सांगू का" म्हणतोस तेव्हा मला "कोणाच्या तोंडून" हेच आधी ऐकू येतं. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं २०१९ साली उघडपणे सांगितलं, तेव्हा आपल्याला घरातूनच धमकावलं जात होतं असंही ती म्हणाली होती. विणकरांच्या गावातली पोर ती. दुसऱ्याने सांगण्याआधी तिने स्वतः सांगितलं. तुला कोणी असं धरलं असेल, पैसे मागत असेल, तर सगळा हिशेबच बदलतो. तेव्हा जूनची वाट पाहू नकोस, आधी वकील गाठ. धमकावून पैसे मागणं हा गुन्हा आहे. आणि २०१८ च्या ६ सप्टेंबरपासून सर्वोच्च न्यायालयाने तुझं असणं गुन्ह्यातून बाहेर काढलं आहे. लग्नाचा हक्क मात्र २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने दिला नाही. खासगी निर्मात्याने याच कारणाने काम नाकारलं, तर त्याला धरायला वेगळा कायदाही नाही.

अमेरिकेची उदाहरणं तुझ्या फोनमध्ये रोज येत असतील. टीव्हीवरची विनोदी नटी एलेन डीजेनेरस हिने १९९७ साली सांगितलं, वर्षभरात तिची मालिका बंद झाली, आणि स्वतःचा टॉक शो मिळायला २००३ उजाडलं. नट नील पॅट्रिक हॅरिसने २००६ मध्ये सांगितलं, तेव्हा तो एका मालिकेत बायांच्या मागे लागणाऱ्या माणसाची भूमिका करत होता. पुढे २०१४ पर्यंत, मालिका संपेपर्यंत, तीच करत राहिला. एकाच देशातली दोन माणसं, नऊ वर्षांच्या अंतराने. यातून तुझं काय होईल ते निघत नाही. एलेनच्या मालिकेचं नावच एलेन होतं. तू मालिकेतला धाकटा दीर आहेस. दर गुरुवारी टीआरपी येतो, आणि लेखकाला दिराला अमेरिकेला पाठवायला एक सीन पुरतो. मग तो अमेरिकेतून येतच नाही.

म्हणून आधी पैसा बघ. रोजाने काम आणि नव्वद दिवसांनी बिल. म्हणजे आज काम थांबलं तर तीन महिने मागचे पैसे येत राहतील, त्यानंतर हात कोरडा. सहा-आठ महिन्यांचं भाडं बाजूला पडेपर्यंत मुलाखत देऊ नकोस. करारात मुलाखतीसाठी चॅनेलची परवानगी लागते का, ते वाच. तू करार वाचला नसशील, मला माहीत आहे.

तोवर गप्प राहायला माझी ना नाही. पण गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. सहनायिकेबरोबर रील टाका, लोकांना वाटू द्या, असं ते सांगतील. ते करू नकोस. "माझं खासगी माझ्यापाशी" म्हणायचं आणि पाणी प्यायचं. आणि इकडून कोणी पोरगी बघितली, तर त्या घडीला मात्र तोंड उघडावंच लागेल. जगाला तू काही देणं लागत नाहीस, पण त्या पोरीला फसवलंस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

आता आई. ती आठ वाजता टीव्हीपुढे बसते, शेजारच्या चारजणी येतात. परवा मी गेलो तर म्हणाली, "टीव्हीतला लय रडते जी मास्तर, आमचा तसा नाही." तिने हे कोणाच्या मोबाइलवर पाहू नये. ते पानठेल्यावरचं वाचनच होईल, फक्त ठेला मोठा. आधी तू तिला सांग, समोर बसून. धान चुरायच्या, मळणीच्या दिवसांत नको, तेव्हा ती संध्याकाळी उभ्या उभ्या झोपते. बहिणीला बल्लारपूरहून आधी बोलावून घे, तिला निम्मं ठाऊक असेल असा माझा अंदाज आहे. आई पहिल्या दिवशी काय बोलेल ते धरून बसू नकोस. ती रडेल, देवीला नवस बोलेल, कोणाची नजर लागली म्हणेल. दुसऱ्या दिवशी तुला जेवायला वाढते का, तेवढं बघ.

ती नाहीच म्हणाली तर माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. गाव बोलेल. माझ्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे तसंही चाळीस वर्षांचं शिल्लक आहे.

भाऊबीज झाली की आपल्या गावची मंडईची जत्रा. रात्री नाटक आहे, मला शेवटच्या अंकात म्हाताऱ्याचं काम दिलंय, पाठांतर अजून कच्चं आहे. वडशाला उतरलास की फोन कर, स्कूटी घेऊन येतो. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझा,
मास्तर