बाळाला दीड महिन्याचे पोलिओ-रोटाचे डोस दिलेत, घरात आजींची केमो चालूय, लसीतला व्हायरस पसरतो का? (नाशिक)

हो पसरू शकतो, पण फक्त जिवंत व्हायरसच्या लसीतून, आणि तोंडातून देतात ते हे दोन्ही डोस तसलेच, बाळाच्या शीतून व्हायरस बाहेर पडतो, रोटाचा पहिल्या आठवड्यात जास्त तर पोलिओचा काही आठवडे. कोविशील्डमधला व्हायरस शरीरात वाढतच नाही, त्यामुळे तो पसरतो असं व्हॉट्सअॅपवर फिरतं ते सोडून द्या. व्हायरस बाहेर पडतो का हे बघायला लसीच्या ट्रायलमध्ये ठरलेल्या दिवशी शीचे नमुने डबीत घेऊन पीसीआर (व्हायरसचा अंश शोधणारी तपासणी) करतात, सापडलाच तर जिवंत आहे का ते पेशींवर वाढवून बघतात, कधीकधी घरातल्यांचीही तपासणी होते. मी सिडकोत लसीकरणाच्या सत्रावर असते, लंगोट बदलून हात पदराला पुसणाऱ्या आया नेहमी दिसतात, साबण लावा हो! निरोगी माणसाला सहसा काही होत नाही पण आजींना लंगोट बदलायला देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांना डोसचं सांगून ठेवा.