पिट्यूटरीच्या गाठीच्या ऑपरेशननंतर सगळे हार्मोन बंद पडतात का?

ताई, तुमच्या यजमानांना पिट्यूटरीत (मेंदूच्या तळाशी असलेली, शरीरातल्या बऱ्याच हार्मोनवर ताबा ठेवणारी छोटी ग्रंथी) गाठ निघाली, नागपूरला नाकातून ऑपरेशन ठरलं आणि गावात कुणीतरी 'आता जन्मभर गोळ्या' म्हणून घाबरवलं, असं तुम्ही लिहिलंय. सरसकट तसं होत नाही. बऱ्याच जणांचे चालू असलेले हार्मोन नंतरही चालू राहतात, काहींचे गाठीने दबलेले हार्मोन दाब गेल्यावर परत येतात आणि काहींचे नव्याने कमी होतात. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे. पण याच ऑपरेशनातून गेलोय.

आधीचं रक्त नीट तपासून घ्या, नाहीतर नंतर काय बिघडलं हे कळायला आधार राहत नाही. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल (आजारपणात, ताणात शरीराला तोलून धरणारं हार्मोन), शिवाय फ्री टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), आयजीएफ-वन (वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारं), एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन (लैंगिक हार्मोन), सोडियम (रक्तातलं मीठ). आपल्याकडे 'थायरॉइड करा' म्हटलं की बऱ्याचदा नुसतं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) होतं. पण टीएसएच तयार होतं पिट्यूटरीतच. मुकादमच आजारी असेल तर त्याने भरलेल्या हजेरीवर काय विसंबायचं? माझं टीएसएच नॉर्मल होतं, म्हणून कितीतरी दिवस 'अशक्तपणा आहे, सलाईन लावा' एवढंच चाललं. फ्री टी-फोर केल्यावर ते तळाला गेलेलं दिसलं.

तेव्हा थायरॉइडची गोळी लगेच सुरू केली नाही, आधी कॉर्टिसोल पाहिलं. ते कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली तर उरलंसुरलं कॉर्टिसोलही झपाट्याने खर्ची पडतं आणि माणूस कोसळू शकतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची गोळी), मग थायरॉइड, हा क्रम लक्षात असू द्या.

प्रोलॅक्टिनचा आकडा मात्र ऑपरेशनआधी विचाराच. तो खूपच वाढलेला असेल तर गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असू शकते, आणि तशी गाठ बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. थोडासा वाढलेला असेल तर पिट्यूटरीच्या देठावरच्या दाबानेही तसं होतं.

ऑपरेशननंतर दवाखान्यात लघवी मोजतात. पाण्यासारखी भरमसाट लघवी आणि न भागणारी तहान असेल तर डेस्मोप्रेसिन (लघवी आवरणारं औषध) देतात. बहुतेकांचं हे काही दिवसांत थांबतं. मला जास्त काळजी वाटते ती सुट्टीनंतरची. साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात सोडियम घसरू शकतं, आणि तोवर पेशंट गावी आलेला असतो. डोकं दुखतं, मळमळतं, बोलणं असंबद्ध होतं. उन्हाळा असला की घरचे म्हणतात ऊन लागलं, आणि पाण्यावर पाणी पाजतात. सोडियम घसरलेलं असताना ते उलटं पडतं. म्हणून सातव्या दिवसाच्या आसपास सोडियम कुठे तपासायचं आणि पाणी किती प्यायचं, हे सुट्टीच्या कागदावर लिहून घ्या.

हायड्रोकॉर्टिसोन दिलं असेल तर 'स्टेरॉइड वाईट' म्हणणाऱ्यांचं ऐकून बंद करू नका. शरीरात जे बनत नाही तेवढंच ते भरून काढतं. एकादशी असो की नवरात्र, गोळी चुकवायची नाही. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, साधारण दुप्पट. किती आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. रात्री-बेरात्री तालुक्याला पोचेपर्यंत उशीर होतो, म्हणून त्याची बाटली माझ्या घरी असते. ते द्यायचं कसं हे बायकोने नर्सकडून शिकून घेतलंय. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते आणि अनेकांची ही गोळी तेव्हा सुटते. एमआरआय साधारण तीन महिन्यांनी.

टेस्टोस्टेरॉनचं मात्र पुरुष स्वतःहून बोलत नाहीत. दाढी विरळ होणं, इच्छा मरणं, कायम थकवा हे सगळं वयावर ढकलतात. त्यालाही उपचार आहे, तेव्हा पुढच्या भेटीत तुम्हीच विषय काढा.