उजनीतील पर्यटन-बोटीच्या मैलाटाकीसाठी पातळी दाखवणारा सेन्सर कोणता घ्यावा आणि तो कसा टिकवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : उजनीच्या जलाशयात पर्यटकांसाठी चालवायच्या बोटीत शौचालय आहे, त्याखाली सुमारे २०० लिटरची प्लास्टिकची मैलाटाकी आहे, टाकीसोबत आलेला फ्लोटचा (तरंगत्या भागाचा) सेन्सर पहिल्याच हंगामात अडकला आणि आता त्याच्या जागी काय बसवावे व ते बिनचूक कसे ठेवावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या रंगकामाच्या कारखान्यांत सांडपाण्याच्या टाक्यांवर पातळी मोजणारी उपकरणे बसवतो व दुरुस्त करतो. रंगाच्या पाण्यात सुताचे तंतू, साबण व क्षार असतात. मैल्यात कागद, चरबी आणि लघवीतील क्षार असतात. सेन्सर निकामी होण्याची कारणे दोन्हीकडे बरीचशी सारखी असल्यामुळे हे उत्तर लिहीत आहे.

माझे मत आधी सांगतो. मैलाटाकीत मैल्याला स्पर्शच होणार नाही असा सेन्सर निवडावा, आणि टाकी भरत आल्याची सूचना देणारी दुसरी, पहिल्यापासून पूर्णपणे वेगळी असलेली व्यवस्था त्याच्या जोडीला ठेवावी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत सेन्सर बिघडला तर फार तर पाणी संपते. मैलाटाकीत तो बिघडला, तर जे बाहेर पडते ते थेट जलाशयात जाते, आणि त्याच जलाशयाचे पाणी जलवाहिनीने व भीमेतून टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत सोडून सोलापूरकरांच्या नळाला येते. म्हणून येथे स्वस्त व महाग यांची तुलना करण्याआधी कोणता सेन्सर कशा रीतीने खोटे बोलतो, हे पाहिले पाहिजे.

आपला फ्लोट अडकला, यात नवल नाही. नळीवर वरखाली सरकणाऱ्या फ्लोटमध्ये चुंबक असते आणि नळीच्या आतले रीड स्विच (चुंबक जवळ आले की जुळणारे बारीक स्विच) त्या चुंबकाने जोडले जातात. नळी आणि फ्लोट यांच्यातील फट जेमतेम काही मिलिमीटरची असते, तिच्यात कागदाचा लगदा शिरतो, त्यावर लघवीतील कॅल्शियमचा थर चढतो आणि फ्लोट असेल तेथेच थांबतो. शौचालय धुण्यासाठी बोअरचे जड पाणी वापरले, तर हा थर आणखी लवकर साचतो. यातील सर्वांत वाईट बाब अशी, की फ्लोट खाली अडकला तर गेज (पातळी दाखवणारा काटा) ‘रिकामी’ दाखवत राहते आणि कोणालाही शंका येत नाही. तरीही काही कारणाने पुन्हा फ्लोटच घ्यावा लागला, तर गेज आणि सेन्सर एकाच पद्धतीचे आहेत याची खात्री करावी. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम व भरलेल्या टाकीला ३३ ओहम रोध असतो, तर युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला १० व भरलेल्या टाकीला १८० ओहम असतो. दोन्हींची सरमिसळ झाली की काटा उलटा फिरतो.

टाकीच्या भिंतीतून धातूचे स्क्रू आत काढून त्यांच्यामधून वीज वाहते की नाही हे पाहणारा प्रकार सर्वांत स्वस्त आहे, पण मैल्यासाठी तो घेऊ नये. भिंतीवरचा ओला, चिकट थर दोन स्क्रूंना जोडतो आणि टाकी उपसल्यानंतरही दिवे ‘भरलेली’ असेच दाखवतात. अशा खोट्या सूचनेची सवय झालेला नावाडी काही दिवसांनी खऱ्या सूचनेकडेही लक्ष देईनासा होतो, आणि मला त्याचीच अधिक धास्ती वाटते.

आपली टाकी प्लास्टिकची असल्यामुळे माझी पहिली पसंती टाकीच्या बाहेरून चिकटवायच्या कपॅसिटिव्ह पट्टीला आहे. पाणी आणि हवा यांच्या विद्युत गुणधर्मांत मोठा फरक असतो, तो फरक ही पट्टी भिंतीच्या पलीकडूनच ओळखते. टाकीला भोक पाडावे लागत नाही, मैल्याचा स्पर्श होत नाही आणि दुर्गंधीला वाट मिळत नाही. पॉलिथिलीन किंवा फायबरच्या टाकीवर ती चालते, धातूच्या टाकीवर मात्र अजिबात चालत नाही. खरेदीपूर्वी भिंतीची जाडी मोजावी आणि उत्पादकाने दिलेल्या कमाल जाडीशी ताडून पाहावी. पट्टी चिकटवण्याआधी भिंत बारीक पॉलिश पेपरने हलकी घासून, स्पिरिटने पुसून कोरडी करावी, कारण पट्टी व भिंत यांच्यात अडकलेला हवेचा बुडबुडा त्या जागेवरचे मोजमाप बिघडवतो. टाकी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, ब्रॅकेट व इतर वायरी यांपासून ती शक्य तितकी दूर ठेवावी. आतल्या भिंतीवर मैल्याचा जाड थर बसला तर हाही सेन्सर पातळी थोडी जास्त दाखवतो. पण ही चूक सुरक्षित बाजूची आहे आणि टाकी धुतल्यावर ती जाते.

दुसरा पर्याय अल्ट्रासोनिकचा आहे. टाकीच्या माथ्यावरून ध्वनिलहर सोडून तिचा प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो, यावरून तो अंतर काढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, म्हणून अनेकजण तापमानाची काळजी करतात. हवेत ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो व ४५ अंशांना तो सुमारे ३५८ मीटर होतो, म्हणजे तापमानाची दुरुस्ती नसलेल्या सेन्सरची चूक चार टक्क्यांच्या आसपास जाते. ४० सेंटीमीटर अंतरात ती दोन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही, आणि बहुतेक चांगल्या सेन्सरमध्ये ही दुरुस्ती आतच केलेली असते. खरी अडचण वेगळी आहे. शौचालयात टाकलेल्या साबणाचा फेस ध्वनी शोषून घेतो. थंडीच्या सकाळी सेन्सरच्या तोंडावर दव धरते. सेन्सरच्या अगदी जवळचा काही सेंटीमीटरचा पट्टा त्याला दिसतच नाही आणि बोटीतली टाकी मुळातच उथळ असल्यामुळे तो पट्टा महागात पडतो. टाकीची उंची ३०-३५ सेंटीमीटर असेल, तर अल्ट्रासोनिकच्या वाटेला जाऊ नये.

टाकी धातूची असती, तर मी दाबावर चालणारी पद्धत सुचवली असती, आणि त्यातही बारीक नळीतून हवा फुंकून तिचा दाब मोजणारी. नळी माथ्यावरून तळाजवळ नेलेली असते. हवा बाहेर पडण्यासाठी जितका दाब लागतो, तितकीच मैल्याची उंची असते. दर वेळी हवा सोडली की नळीचे तोंड साफ होते आणि महागडा भाग मैल्यापासून दूर, कोरड्या जागी राहतो. दाबाच्या सेन्सरची खरेदी करताना एक आकडा लक्षात ठेवावा : ५० सेंटीमीटर पाण्याचा दाब जेमतेम ०.०५ बार असतो. दुकानात सहज मिळणारा १ बारचा सेन्सर घेतला आणि त्याची अचूकता पूर्ण पट्ट्याच्या (तो मोजू शकणाऱ्या कमाल दाबाच्या) १ टक्का असली, तर चूकच १० सेंटीमीटरची होते. त्यामुळे कमी पट्ट्याचाच सेन्सर मागावा. रडारचे सेन्सर उत्तम असतात, पण २०० लिटरच्या टाकीसाठी तो खर्च मला योग्य वाटत नाही.

आता दुसऱ्या व्यवस्थेविषयी. टाकी सुमारे ८० टक्के भरली की लाल दिवा आणि बझर लागेल, असा एकाच पातळीचा वेगळा सेन्सर बसवावा. त्याची वायर, त्याचा फ्यूज आणि त्याचा दिवा गेजशी कोठेही जोडलेला नसावा. शौचालयाचा पंप विजेवर चालणारा असेल, तर आणखी वरच्या पातळीला रिलेने (विजेने चालणाऱ्या स्विचने) तो पंपच बंद व्हावा. जोडणी अशी करावी की टाकी रिकामी असताना सर्किट जोडलेले राहील आणि भरल्यावर तुटेल. म्हणजे वायर गंजून तुटली तरी बझर वाजेल. कारखान्यांत ४ ते २० मिलिअँपिअरचे सेन्सर याच विचाराने वापरतात : शून्य पातळीला ४ मिलिअँपिअर असल्यामुळे प्रवाह शून्यावर आला, की टाकी रिकामी नसून तार तुटली आहे, हे लगेच कळते.

सेन्सर टाकीच्या मध्यरेषेजवळ असावा. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलोहून थोडे अधिक वजन वाढते, आणि ती बोटीच्या एका कुशीला असेल तर बोट तिकडे कलते व मैला बाहेरच्या भिंतीकडे जमतो. कडेला लावलेला सेन्सर त्या वेळी खरी पातळी सांगू शकत नाही. फ्लेमिंगो पाहण्यासाठी सगळे प्रवासी एका बाजूला सरकले, तरीही हेच घडते. म्हणून गेजमध्ये काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

बसवल्यानंतर टाकी मोजून भरणे हे काम बहुतेकजण टाळतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत आवश्यक आहे. वापर सुरू होण्यापूर्वी २० लिटरच्या कॅनने स्वच्छ पाणी ओतत जावे आणि प्रत्येक कॅनला गेजने काय दाखवले, हे वहीत लिहून पॅनलजवळ लावावे. बोटीच्या तळाच्या आकाराला धरून केलेली टाकी खाली निमुळती असते. तिचा छेद पूर्ण त्रिकोणी असेल, तर निम्म्या उंचीला निम्मा नव्हे, फक्त एक चतुर्थांश माल असतो. म्हणजे अशा टाकीचा काटा निम्म्यावर असताना पुष्कळ जागा शिल्लक असते, पण त्यानंतरच्या प्रत्येक सेंटीमीटरला ती अधिकाधिक वेगाने कमी होत जाते.

देखभालीत सर्वाधिक लक्ष टाकीच्या व्हेंटकडे, म्हणजे हवा येण्याजाण्याच्या नळीकडे, द्यावे. ती नळी किमान १९ मिलिमीटरची असावी, जाड असेल तर अधिक चांगले, कारण खेळती हवा दुर्गंधीही कमी करते. व्हेंट तुंबला तर दाबाचा सेन्सर चुकीची पातळी दाखवतो, आणि सक्शन गाडीने उपसताना प्लास्टिकची टाकी आत दबू शकते. दर वेळी टाकी उपसल्यानंतर थोडे स्वच्छ पाणी भरून, बोट एक फेरी हलू देऊन, पुन्हा उपसावे. तळाचा गाळ त्याने सुटतो. क्षारांचा थर काढण्यासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व किंवा पांढरा व्हिनेगर घालून रात्रभर ठेवणे पुरेसे होते. ब्लीचिंगचे द्रावण वापरू नये : ते रबरी झडपा खराब करते, आणि आम्लाशी त्याचा संयोग झाला तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. कागद पाण्यात लवकर विरघळणारा ठेवावा आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची बादली ठेवून तसा मराठी फलक लावावा. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी, जोड टाकीच्या वर ठेवून आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आवळणाऱ्या हीट श्रिंक नळीने बंद करावेत.

सेन्सर तपासण्यासाठी झाकण उघडावे लागले, तर उघड्यावर, वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून उघडावे आणि तोंड टाकीवर नेऊ नये. आत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन साठलेले असतात. पहिला वायू जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणेच थांबते. टाकी कितीही मोठी असो, कोणत्याही माणसाला आत उतरवू नये. सुरक्षा साधनांशिवाय असे काम करून घेणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आपण शेवटी विचारले आहे की शौचालयासोबत आलेला, मैला टाकीत किंवा थेट बाहेर वळवणारा व्हॉल्व्ह ठेवावा का. तो समुद्रासाठी असतो. तेथे मोठ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे सोडण्याची मुभा आहे. उजनीत अशी कोणतीही जागा नाही, आणि १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ नुसार जलाशयात घाण सोडण्यास मनाईच आहे. तो व्हॉल्व्ह काढून बोटीच्या भिंतीतील भोक कायमचे बुजवून घ्यावे; नुसते कुलूप लावून भागवू नये. आपल्या टाकीची उंची, भिंतीची जाडी आणि टाकीचा छेद कसा आहे हे कळवल्यास, पट्टी कोणत्या भिंतीवर व किती लांबीची लावावी, हे मी नेमके सांगू शकेन.