दहा बायका फॉलो करायच्या म्हणजे नक्की काय शिकायचं?

तुझा प्रश्न असा, की मेलबर्नला मिडवाइफरीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, दहा बायकांची कंटिन्युइटी (म्हणजे गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत त्याच बाईच्या सोबत राहणं) पूर्ण करायचीये, वर्गात सगळ्या वैतागल्यात, आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यात एका पोस्टिंगमध्ये यापेक्षा जास्त डिलिव्हऱ्या बघून होतात, मग हा खटाटोप कशाला. मी महाराष्ट्रात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग इथे येऊन मिडवाइफ झाले, आता विद्यार्थिनी माझ्यासोबत ड्यूटीला असतात, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

नियम तुला माहितीच आहे, कमीत कमी 10 बायका, प्रत्येकीच्या निदान 4 गरोदरपणातल्या आणि 2 बाळंतपणानंतरच्या भेटी, आणि त्यातल्या बहुतेकींच्या डिलिव्हरीला हजर राहायचं. पूर्वी हा आकडा 20 होता, तेव्हाच्या मुलींना विचार म्हणजे तुझी कुरकुर जरा कमी होईल :)

विद्यार्थिनी याबद्दल दोन्ही बोलतात आणि दोन्ही खरं असतं. कोर्स संपल्यावर विचारलं की सगळ्यात जास्त कशातून शिकलीस, तर ह्याच बायकांची नावं निघतात, आणि कोर्स चालू असताना विचारलं की सगळ्यात जड काय जातं, तरी हेच. लेक्चर, प्लेसमेंट, पार्टटाइम नोकरी, कुणाला घरी लेकरू, आणि त्यावर रात्री तीनला फोन. माझं मत विचारशील तर त्यांचा राग कंटिन्युइटीवर नसतोच, ती आधीच भरलेल्या टाइमटेबलवर वरून लादलेली असते त्याचा असतो. तुझ्या कॉलेजात हे तास प्लेसमेंटमध्ये धरतात का ते ईमेलवर विचारून घे, तोंडी नको.

आता ज्याबद्दल कुणी फारसं आधी सांगत नाही ते. इथल्या बऱ्याच पब्लिक हॉस्पिटलात साध्या क्लिनिकला येणाऱ्या बाईला दर वेळी नवा चेहरा भेटतो, म्हणजे तिच्या अख्ख्या गरोदरपणात सतत सोबत असलेली व्यक्ती कोण, तर तू, जिच्या हातात काहीच अधिकार नाहीत! मागच्या वेळी टाके घालताना काय झालं होतं, नवरा समोर असला की ती का बोलत नाही, हे तुला माहीत आणि खोलीतल्या बाकी कुणाला नाही. मग ती तुझ्याकडे बघते, की तू सांग ना यांना. हे ओझं मुलींना रडवतं, आणि खरं शिक्षणही तिथेच होतं, कारण तिच्या वतीने न बोलता तिलाच बोलायला जागा कशी करून द्यायची हे कुठल्याही शिफ्टमध्ये शिकायला मिळत नाही. एमजीपीतल्या (मिडवाइफरी ग्रुप प्रॅक्टिस, म्हणजे मिडवाइफांचा छोटा गट) बाया मिळाल्या तर हा प्रकार कमी, कारण तिथे तिची स्वतःची मिडवाइफ असते, पण तिथे तुझं काम बघण्यापुरतं राहू शकतं, तेही धरून चाल.

आणि लेक्चरमध्ये कंटिन्युइटीने सिझर कमी होतात असं सरसकट सांगतात ना, ते जरा जपून घे. मेलबर्नमध्येच 2012 ला आलेल्या कॉसमॉस ट्रायलमध्ये 2,314 कमी जोखमीच्या बायका होत्या, केसलोड गटात (जिथे बाईला ठरलेली स्वतःची मिडवाइफ असते) सिझर 19.4 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत 24.9. पण पुढच्याच वर्षी सिडनी-ब्रिस्बेनच्या मँगो ट्रायलमध्ये सगळ्या जोखमीच्या 1,748 बायका घेतल्या तर सिझरमध्ये ठळक फरक दिसला नाही, केसलोडचा खर्च मात्र बाईमागे 566 डॉलर कमी. आणि हे सगळं पास झालेल्या मिडवाइफचं, विद्यार्थिनीचं नाही, तेव्हा तुझ्या बाईचं सिझर झालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आपल्याकडची तुलना म्हणशील तर तिथे हात बसतो हे खरंच. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ओटीभरण झालं की पोरगी आईकडे, तपासणी एका तालुक्यात आणि डिलिव्हरी दुसऱ्या जिल्ह्यात, सोबत जातं ते फक्त माता-बाल कार्ड. आम्ही बाई बघायचो ती थेट कळा सुरू झाल्यावर, आणि शिफ्ट संपली की ती दुसऱ्या सिस्टरची. त्यातल्या त्यात कुणी धागा धरून असेल तर गावातली आशा. केंद्र सरकारने 2018 ला मिडवाइफरीच्या गाइडलाइन्स आणल्या, दीड वर्षाचा वेगळा कोर्स ठेवला, ते चांगलंच आहे, पण माहेर-सासरचा हा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

आता कामाचं. बुकिंग व्हिजिटलाच (हॉस्पिटलातली नाव नोंदवायची पहिली भेट) बायका शोध, वीस आठवड्यांनंतर शोधलीस तर चार भेटी जमवताना धावपळ होते. ड्यू डेट पसरून घे, परीक्षेच्या महिन्यात एकही नको, आणि दहावर थांबू नकोस, एखादी घर बदलते, एखादी नको म्हणते. पहिल्याच भेटीत सरळ सांग की मी विद्यार्थिनी आहे, रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर आधी हॉस्पिटलला फोन, मला नंतर. मेसेजवर सल्ला अजिबात द्यायचा नाही, कितीही सोपा प्रश्न असला तरी. रात्रभर जागून स्वतः गाडी चालवत घरी येऊ नकोस. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घे, ती मिडवाइफ पुढच्या आठवड्यात लीव्हवर असते म्हणजे असतेच. डिलिव्हरी हुकली तर एवढं वाईट वाटून घेऊ नकोस, पण नंतरची भेट मात्र चुकवू नकोस, सगळं कसं झालं ते तिला तुलाच सांगायचं असतं.