थेंबातलं फूल

फोंड्याहून एक वाचक विचारतात: अबोलीवरच्या थेंबात मागचं फूल टिपायची महिनाभर खटपट करतेय. थेंबाची कड धारदार येते, आतलं फूल मात्र धूसर. लेन्स बिघडली का?

लेन्स ठणठणीत आहे. थेंब हेच मुळात एक भिंग. मागच्या फुलाची प्रतिमा थेंबाच्या आत नसतेच, ती थेंबाच्या अलीकडे, तुमच्या बाजूला तयार होते. ४ मिलिमीटरच्या गोल थेंबापुढे ती साधारण २ ते अडीच मिलिमीटरवर येते. फुल फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मॅक्रो, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढीच उमटते असं, आणि लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलंत तर पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १ मिलिमीटरचा. म्हणजे कड आणि फूल दोन्ही एका फोटोत धारदार येणार नाहीत. फूल निवडा. मॅन्युअल फोकसवर आधी कड स्पष्ट करा आणि मग कॅमेरा अगदी किंचित मागे घ्या. फूल अचानक उमटतं, तो क्षण मला आजही तितकाच आवडतो.

प्रतिमा उलटी पडते, म्हणून मागचं फूल देठ वर करून टांगायचं. चवथीच्या दिवसांत मी परसातला तेरडा कपड्यांच्या चिमट्याला असाच लटकवला होता. थेंबात तो सरळ उभा दिसला, गुलाबी, नखाएवढाही नाही.

काणकोणहून: जास्वंदीवर थेंब ठेवला की पसरतो. काय करू?

पृष्ठभाग बदलून बघा. अळूच्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, पाणी त्यांच्या टोकांवरच टेकतं, म्हणून मोत्यासारखं गोल राहतं. गुलाबाच्या पाकळीवर थेंब गोलही राहतो आणि पाकळी उलटी केली तरी चिकटून असतो. पाण्यात तेवढंच ग्लिसरीन मिसळून सिरिंजने ठेवलेला थेंब लवकर सुकत नाही. मी मात्र हे गळलेल्या फुलांवरच करते. झाडावरच्या फुलाला मुंग्या, मधमाश्या येतात, त्यांच्या वाटेत तो चिकटा नको. आणि अशा फोटोखाली ‘दव’ लिहू नये, एवढं कळकळीने सांगते.

पेडण्याहून: एसीतून बाहेर पडलं की लेन्सवर वाफ धरते.

कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून अर्धा तास ओसरीवर असू द्या, मग उघडा. पावसाळ्यात रात्री हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

वाळपईहून: जानेवारीत कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) बांधावर पहाटे गवताच्या प्रत्येक टोकावर एकेकच थेंब दिसतो. दव असं कसं पडतं?

फार छान पाहिलंत! ते बहुधा दव नाही. रात्री मुळं पाणी ओढत राहतात आणि जास्तीचं पाणी पात्याच्या टोकातून बाहेर येतं. दव पात्यावर सगळीकडे बारीक बारीक बसतं. टोकावरचा थेंब मोठा नि स्वच्छ असतो, त्यात मागची पोफळ आख्खी मावते. ऊन येण्याआधी, वारा पडलेला असताना जा आणि पोटावर आडवे व्हा.