बाळ सहा महिन्यांचं आहे. ऑफिसला रुजू झाल्यावर अंगावरचं दूध चालू ठेवता येईल का?

येईल. ऑफिसात साधारण दर तीन तासांनी दूध काढा. मीटिंगपायी रोज एक वेळ चुकली, की छातीत गाठी धरतात आणि दूधही आटू लागतं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण आपल्या उन्हाळ्यात तेवढा भरवसा नको. फ्रीजमध्ये आत, मागच्या बाजूला चार दिवस राहतं. दारात ठेवू नका, तिथलं तापमान सारखं बदलतं. वर साय आली म्हणजे नासलं असं नाही, हलकेच हलवा. बाटली कोमट पाण्यात धरा, मायक्रोवेव्ह नको.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा मधल्या सुट्ट्या हा कायद्याने हक्क आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही. एचआरकडे लेखीच मागा: कडी असलेली खोली, प्लग, जवळ बेसिन. टॉयलेट दाखवलं तर सरळ नाही म्हणा.