टोकन तुझ्या खात्यात घेऊ नकोस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

वाकडच्या नव्या स्कीममध्ये मित्राला फ्लॅट दाखवलास आणि बुकिंग झालं की बिल्डर दोन टक्के देणार, हे कळलं. ते पैसे हातात घेण्याआधी हे वाच.

‘मी फक्त ओळख करून दिली’ हे महारेरापुढे, म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणापुढे चालत नाही. मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेत्याची गाठ घालून देणारा म्हणजेच एजंट, असं 2016 च्या रेरा कायद्यात स्पष्ट लिहिलंय. महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी नसताना नोंदणीकृत प्रकल्पातला व्यवहार जुळवलास तर दिवसाला 10,000 रुपये दंड, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. 60 लाखांच्या फ्लॅटवर तुझी दलाली 1 लाख 20 हजार, दंड मात्र 3 लाखांपर्यंत!

मला खरी धास्ती आहे ती टोकनची, म्हणजे सौदा पक्का करायला आधी देतात त्या पैशांची. उद्या एखादी घेणारी पार्टी म्हणते, ‘मालक गावाला गेलाय, लाखभर तुझ्याकडे पाठवतो, तू पोचव.’ तू भिडेखातर घेतोस. पुढे सात-बारावर मालकाच्या बहिणीचं नाव निघतं, नाहीतर जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी निघते. सौदा फिसकटतो, मालक फोन उचलत नाही. पैसे देणाऱ्याच्या मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट असतो आणि त्यावर नाव तुझं. तो घेऊन माणूस सरळ पोलीस चौकीत जातो. सोपवलेल्या पैशांचा अपहार करणाऱ्या दलालाचा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये वेगळा उल्लेख आहे. शिक्षा 10 वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही. तुझी नियत साफ होती हे कोर्टात शाबीत होईलही, पण तोवर जामीन, वकील आणि तारखा यांत तुझी उमेदीची वर्षं जातील. जुन्या फ्लॅटच्या किंवा शेतजमिनीच्या व्यवहारात रेरा आड येत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस, हे कलम तिथेही लागतं.

म्हणून टोकन खरेदीदाराच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात जाऊ दे, आणि विसार पावतीवर त्या दोघांच्या सह्या. कागद आधी वकिलाच्या नजरेखालून जाऊ देत.

या वेळची दलाली सोड, मित्राला तसं सांगून टाक. तुला माणसं जोडता येतात, हा धंदा तू चांगला करशील. महाराष्ट्रात 2023 पासून एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. ती दे आणि नोंदणी कर. एकट्या माणसाला फी 10,000 रुपये आहे. कमी पडले तर माझ्याकडून घेऊन जा.

तुझा,
काका